खात्याला नको असलेल्या मुकादम मॅडम

मी निवृत्त झालो त्याच आठवड्यात आमच्या कार्यालयात एक नवा फलक लागला. सागवानी चौकट, पांढरी अक्षरं. पनवेलला आजवर काम केलेल्या सगळ्या सरकारी वकिलांची नावं त्यावर होती. मी तो वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. दोन-दोन महिने खुर्ची गरम करून बदलून गेलेल्यांची नावंसुद्धा होती. साडेसहा वर्षं तिथे उभ्या राहिलेल्या जुबेदा मुकादम यांचं नाव नव्हतं.

मी नव्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "अहो सावंत, यादी वरून आली. राहिलं असेल एखादं."

राहिलं असेल! निरोपाची शाल आणि नारळ तिथेच टेबलावर ठेवून मी सुकापूरला घरी आलो. बायकोनं विचारलं, "शाल कुठंय?" मी म्हणालो, "राहिली असेल." तिला वाटलं, निवृत्तीमुळे माझं डोकं फिरलं. मॅडम वारून तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यामुळे भांडायलाही कुणी उरलं नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

मी त्या कार्यालयात कारकून होतो. टपाल घेणं, अर्ज टाईप करणं, खटल्यांच्या तारखा लावणं हे माझं काम. सरकारी वकील म्हणजे पोलिसांनी उभा केलेला खटला कोर्टात चालवणारा माणूस. त्याची नेमणूक, बदली, बढती सगळं न्याय खात्याच्या हातात. दिल्लीत एक न्याय खातं, मुंबईत त्याचं भावंड, मग जिल्ह्याचे वरिष्ठ आणि सगळ्यात खाली आम्ही. पाणी वरून खाली येतं तसे हुकूम यायचे. मॅडम येईपर्यंत मला वाटायचं, की ते झेलणं म्हणजेच नोकरी.

मॅडम उंचीला पाच फूट असतील नसतील. सुती साडी, वर काळा कोट, पायात पुरुषी वाटाव्यात अशा जाड तळाच्या चपला. मोहल्ल्यात भावाच्या कुटुंबाबरोबर राहायच्या आणि तळ्याच्या कडेनं चालत कोर्टात यायच्या. लग्न केलं नव्हतं. वडील बरीच वर्षं कुवेतला राबून आले होते आणि मग त्यांनी कड्या-कुलपांचं दुकान टाकलं होतं. "मला अब्बांनी वकील केलंय. खात्यानं फक्त खुर्ची दिलीय, आणि तिचाही एक पाय हलतो," असं त्या म्हणायच्या. पाय खरंच हलायचा. नवी खुर्ची मी तीनदा मागितली. आली नाही.

दोषारोपपत्र त्या कधी बसून वाचत नसत. खिडकीशी उभ्या राहायच्या, एका हातात कागद, दुसरा हात पाठीमागे. मी एकदा म्हणालो, "मॅडम, बसा ना." त्या म्हणाल्या, "बसून वाचलं की सगळं खरं वाटायला लागतं, सावंत."

राग आला की बहुतेकांचा आवाज चढतो. यांचा उतरायचा. चष्मा काढून हातात धरायच्या आणि इतक्या हळू बोलायच्या, की समोरच्या पोलीस निरीक्षकाला वाकून ऐकावं लागायचं. माणूस वाकला की निम्मा नरम होतो, हे त्यांना माहीत होतं की नाही कोण जाणे. आणि राग त्यांना रोज यायचा. पंचनाम्यावरच्या खोट्या सह्यांचा यायचा, तारखांचा यायचा, साक्षीदाराला दिवसभर उन्हात उभं करून संध्याकाळी परत पाठवण्याचा यायचा. कुणी तोंडी काही सांगायला आलं की त्या कोरा कागद पुढे करत. "लिहून द्या. आणि कारण लिहा." निम्मे लोक कागद पाहूनच परत जायचे.

त्या प्रेमळ वगैरे होत्या असं मी लिहिणार नाही. माझ्या सख्ख्या मेहुणीच्या हळदीच्या दिवशी त्यांनी माझी रजा नाकारली, कारण त्या दिवशी एक साक्षीदार नागपूरहून येणार होता. एका टंकलेखक मुलीला चुकीच्या तारखेवरून त्यांनी रडवलं होतं आणि तिची समजूत काढायला गेल्या नव्हत्या. मी त्यांच्यावर कितीतरी दिवस मनातून चिडलेला असायचो. पण चिडलेला असतानासुद्धा मला कळत होतं, की ही बाई ज्या गोष्टींवर चिडते त्यांवर आपण कधी चिडलोच नाही.

एकदा पोलिसांनी ओवे गावच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यावर तांब्याची तार चोरल्याचा खटला आणला. मॅडमनी उभ्यानं कागद वाचले, मग त्या माणसाकडे पाहिलं. त्याचा उजवा हात खांद्यातून वर जात नव्हता. तार खांबावरून कापली होती.

"मी नाय चोरली," तो म्हणाला. "या हातानं मना जेवता पन येत नाय."

मॅडम कोर्टात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की या माणसाविरुद्ध सरकारकडे पुरावा नाही. सरकारी वकिलानंच असं म्हटल्यावर काय राहिलं? म्हातारा सुटला. बाहेर व्हरांड्यात निरीक्षक लालबुंद होऊन आले. "मॅडम, तुम्ही आमच्या वकील आहात ना?"

मॅडमनी चष्मा काढला. "नाही."

"मग कुणाच्या?"

"ज्याची तार गेली त्याची. आणि या म्हाताऱ्याचीसुद्धा. तुमची मी कोण लागते?"

निरीक्षक वाकले होते. ते तसेच सरळ झाले आणि निघून गेले. त्या दिवसापासून मॅडमबद्दलच्या तक्रारी वर जायला लागल्या. त्यांवर खुलासा मागणारी पत्रं आमच्याच टपालात यायची आणि आवक नोंदवहीत मीच चढवायचो.

मग नव्या कोर्ट इमारतीची पायाभरणी झाली. दिल्लीहून न्याय खात्याचे मंत्री येणार होते. आठ दिवस आधीपासून मांडव, सतरंज्या, गुलाबाच्या पाकळ्या. मंत्र्यांनी भाषण चांगलं केलं. न्याय खातं हे एक कुटुंब आहे, म्हणाले, आणि कुटुंबाला खंबीर प्रमुख लागतो. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. नंतर चहाच्या वेळी आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करून ओळख करून दिली जात होती. मॅडमची पाळी आली. नमस्कार झाल्यावर मंत्री पुढे सरकणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "साहेब, एक विचारू? कुटुंबातल्याच माणसाविरुद्ध खटला असला तर प्रमुखानं काय करायचं?"

जिल्ह्याच्या वरिष्ठांनी कपबशी खाली ठेवली. मंत्री हसले. "मॅडम, घरात प्रमुखाचं ऐकायला नको का?"

"घरात ऐकेन. कोर्टात मला प्रमुख नाही."

मंत्री हसतच पुढे गेले. त्यांना वाईट वाटलंही नसेल, कारण अशी माणसं पुढची व्यक्ती समोर आली की मागची विसरतात. पण बाकीचे विसरले नाहीत. चार दिवसांत मॅडमना मेमो आला. खात्याच्या प्रतिमेस बाधा येईल असे वर्तन. उत्तर मी टाईप केलं. दोन वाक्यं होती. "प्रश्न विचारला हे खरे आहे. उत्तर मिळाले नाही हेही नोंदवावे."

तळोज्याचा खटला आला तो त्यानंतर. तिथल्या एका रसायनांच्या कारखान्यात टाकी साफ करायला दोन कंत्राटी कामगारांना उतरवलं होतं. टाकीत विषारी वायू साचलेला. पहिला पडला, त्याला काढायला दुसरा गेला, तोही पडला. दोघं मेले. वायू मोजायचं मशीन महिनाभर बिघडलेलं होतं आणि ते व्यवस्थापकाला माहीत होतं, असा आरोप होता. आरोपी तोच एक. मालकाचं नाव पोलिसांनी कागदावर येऊच दिलं नव्हतं. मॅडमनी त्याबद्दल तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

मेलेल्यांतल्या एकाची बायको अनुसया. ओव्याचीच. प्रत्येक तारखेला यायची आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहायची. तिनं मॅडमना सांगितलं, "सकाली जाताना बोलला मना, मशीन बंद हाय, तरी उतरायला सांगतान. मी बोलले, नको जाव. तो बोलला, नाय गेलो तर उद्याच्याला गेटवरून परत पाठवतील."

मॅडम तिच्याशी कधी गोड बोलल्या नाहीत. सांत्वनही केलं नाही. फक्त एकदा मला म्हणाल्या, "सावंत, त्या बाईला बसायला बाक द्या. ती फिर्यादीची माणूस आहे, भिकारी नव्हे." बाक नव्हता. मग त्यांनी स्वतःची ती हलणारी खुर्ची बाहेर नेऊन ठेवली.

आता जे सांगायचं ते मला जड जातं. मला जिल्ह्याच्या वरिष्ठांनी अलिबागला बोलावलं. एकट्याला. दार लावून घेतलं आणि एक मजकूर हातात दिला. "टाईप करून ठेव. मुकादमबाईंना आत्ता काही बोलू नकोस." तो तळोज्याचा खटला मागे घेण्याचा अर्ज होता. लोकहितास्तव. खाली सरकारी वकिलाच्या सहीची जागा मोकळी. सवयीनं शुद्धलेखन दुरुस्त करत मी टाईप केला. माझी बढतीची फाईल त्याच टेबलावर पडली होती आणि वरिष्ठांनी ती मला दिसेल अशी ठेवली होती, एवढंच सांगतो. त्या सबबीवर कुणी मला सोडावं असं माझं म्हणणं नाही.

दोन दिवसांनी रीतसर पत्र आलं. शासनानं खटला मागे घ्यायचं ठरवलं आहे, सोबतच्या अर्जावर सही करून तो दाखल करावा. मॅडमनी ते खिडकीशी उभं राहून वाचलं. मग अर्ज वाचला.

"हा कुणी टाईप केला?"

"वरूनच आलाय, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोन उचलून वरिष्ठांना लावला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. इकडचं जेमतेम येत होतं, कारण आवाज तळाला गेला होता.

"साहेब, कायद्यात खटला मागे घ्यायचा अधिकार सरकारी वकिलाला दिलाय, तोही कोर्टाच्या परवानगीनं. मंत्र्याला नाही, तुम्हाला नाही... हो, शासन सुचवू शकतं. सुचवलं, मी वाचलं... लोकहित म्हणजे कोणाचं? दोन माणसं मेलीत, ती लोकांत धरायची की नाही?... कारखाना बंद पडेल? व्यवस्थापकाला शिक्षा झाली तर कारखाना कसा बंद पडेल?... मग तसं लिहून द्या. कारण लिहा."

फोन पलीकडून ठेवला गेला. मॅडमनी मला नकाराचं पत्र सांगितलं. मी ते टाईप केलं, त्याच हातांनी, ज्यांनी अर्ज टाईप केला होता. "मी या प्रकरणाचा स्वतः विचार केला आहे. खटला मागे घेण्यास कोणतेही योग्य कारण दिसत नाही." एक प्रत वर पाठवली. एक खटल्याच्या फाईलला लावली. त्यावर मॅडमनी पानाचा क्रमांक स्वतःच्या हातानं घातला, म्हणजे उद्या कुणी ते पान काढलं तर कळावं.

खात्याच्या नेतृत्वाबद्दल लोक फार मोठमोठं बोलतात. मी त्या नेतृत्वाची कागदपत्रं सव्वीस वर्षं हाताळली. नेतृत्व म्हणजे मला दिसलं ते हे, की एका बाईनं दोन वाक्यांत नाही म्हटल्यावर जी सबंध यंत्रणा खुर्चीचा पाय तीन वर्षांत दुरुस्त करू शकली नव्हती, ती नऊ दिवसांत बदलीचा हुकूम काढू शकली.

हुकूम फॅक्सवर आला. सकाळी साडेदहाला. विदर्भातला एक लांबचा तालुका. आणि दिवस असा निवडलेला, की त्याच दिवशी कारखान्याचा पाळीचा ऑपरेटर काशिनाथ म्हात्रे साक्ष द्यायला उभा राहणार होता. मशीन बंद असल्याचं व्यवस्थापकाला सांगणारा तोच. त्याला साक्षीपर्यंत आणायला मॅडमनी पाच महिने घालवले होते. त्याची नोकरी गेली होती, घरी माणसं येऊन बसत होती. त्या दिवशी साक्ष झाली नसती तर तो पुन्हा आलाच नसता.

मी फॅक्स घेऊन गेलो. दडवून ठेवावा असं क्षणभर वाटलं, पण माझ्यात तेवढी धमक नव्हती. मॅडमनी तो वाचला, आणि मग मी त्यांना पहिल्यांदाच एका ओळीवर बोट ठेवून परत परत वाचताना पाहिलं.

"सावंत, काय लिहिलंय हे?"

"आज मध्यान्हनंतर कार्यमुक्त करण्यात येत आहे."

"मध्यान्हनंतर," त्या म्हणाल्या. "म्हणजे मध्यान्हपूर्व मी आहे. चला, किती वाजले?"

त्या जवळजवळ धावत कोर्टात गेल्या. आरोपीचे वकील मुंबईचे होते. त्यांना बातमी आधीच लागलेली असावी, कारण ते निवांतपणे पुढची तारीख मागायला उभे राहिले. सरकारी वकील बदलल्या आहेत, म्हणाले. न्यायाधीशांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी फॅक्स पुढे केला आणि म्हणाल्या, "दुपारी बदलतील. आत्ता मी आहे आणि साक्षीदार हजर आहे."

न्यायाधीशांनी हुकूम वाचला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि काशिनाथला पिंजऱ्यात बोलावलं.

मी अनेक साक्षी ऐकल्या आहेत. तशी ऐकली नाही. मॅडमनी एकही जादा प्रश्न विचारला नाही. मशीन कधी बिघडलं? कुणाला सांगितलं? काय उत्तर मिळालं? काशिनाथ सुरुवातीला जमिनीकडे बघून बोलत होता. तिसऱ्या प्रश्नाला तो व्यवस्थापकाकडे वळून म्हणाला, "यांना सांगितलं मी. दोनदा सांगितलं. हे म्हणाले, नाकाला रुमाल बांधून उतरवा." न्यायाधीशांनी तो शब्द न् शब्द लिहून घेतला. बाराला पाच मिनिटं कमी असताना मॅडम म्हणाल्या, "माझे प्रश्न संपले."

मग त्यांनी तिथेच कोट काढला, घडी घालून हातावर घेतला आणि मागे जाऊन अनुसयाच्या शेजारी लोकांच्या बाकावर बसल्या. दुपारी मुंबईच्या वकिलांनी काशिनाथला दीड तास पिळून काढलं. नवे सरकारी वकील तोवर आले होते. ते कागद चाळत राहिले. मॅडम मागे बसून ते सगळं ऐकत होत्या. एकदाही उठल्या नाहीत. उठायचा अधिकार आता नव्हता. काशिनाथ मात्र मोडला नाही.

पुढच्या महिन्यात नव्या वकिलांनी माझा टाईप केलेला तो अर्ज सही करून दाखल केला. न्यायाधीशांनी तो फेटाळला. फाईलमध्ये आधीच्या वकिलांचा नकार आहे, त्यानंतर साक्ष झाली आहे, आता कोणतं नवं कारण घडलं ते अर्जात नाही, असं त्यांनी निकालात म्हटलं. खटला चालला. सव्वा वर्षानं व्यवस्थापकाला कैद झाली.

निकालाच्या दिवशी मॅडम आल्या होत्या. रजा टाकून, विदर्भातून. कुणी बोलावलं नव्हतं. त्या मागे उभ्या राहिल्या. निकाल झाल्यावर नव्या वकिलांना लोकांनी घेरलं, हार घातला. दुसऱ्या दिवशी पेपरात खात्याचं निवेदन आलं. खात्याच्या कणखर नेतृत्वामुळे आणि सततच्या पाठपुराव्यामुळे कामगारांना न्याय मिळाला. ते वाचून मी पेपर फाडला. पेपर कार्यालयाचा होता.

मी मॅडमना शोधत कळंबोलीला गेलो. नागपूरकडे जाणाऱ्या खासगी गाड्या तिथून सुटायच्या. संध्याकाळ होत होती. मॅडम पिशवी पायाशी ठेवून उभ्या होत्या. मी पेपराचे तुकडे दाखवले. त्यांनी ते जुळवून वाचले आणि परत दिले. मग मी सांगून टाकलं. "मॅडम, तो अर्ज मी टाईप केला होता. अलिबागला. तुम्हाला खोटं सांगितलं."

"माहीत होतं," त्या म्हणाल्या. "वरचे लोक शुद्ध लिहीत नाहीत."

मी वाट पाहत होतो. त्या पुढे काही बोलतील, जाऊ द्या म्हणतील. त्या म्हणाल्या, "मालकावर खटला झाला नाही, सावंत. बढती मिळाली ना तुम्हाला? मग आता तरी त्या तीन पत्रांची उत्तरं मागा."

गाडी आली. मॅडम चढल्या. मी खाली उभा राहिलो. आत काहीतरी गडबड चाललेली काचेतून दिसत होती. एक मजूर नवरा-बायको तिकीट हातात धरून वाटेतच उभे होते आणि त्यांच्या जागेवर कुणी दुसरेच दोघं आरामात बसलेले. गाडीचा क्लीनर त्या नवरा-बायकोला मागे जाऊन खाली बसा म्हणून हातवारे करत होता. मॅडम स्वतःच्या जागेवरून उठल्या. चष्मा काढला. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण क्लीनर वाकला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, पुन्हा दिला. मॅडम वाटेत तशाच उभ्या होत्या, एक हात सीटच्या दांड्यावर. मागच्या गाड्याही हॉर्न द्यायला लागल्या. शेवटी ते बसलेले दोघं उठले. मजूर बाई खिडकीशी बसली. तरीही मॅडम खाली बसल्या नाहीत. क्लीनरला अजून काहीतरी सांगतच होत्या, आणि गाडी तशीच पुलाकडे वळली.